शेठ, माझी घोडी उपाशी नाही

प्रति,
शेजारच्या ठाणाचे मालक,
जुना म्हशींचा गोठा (हल्ली 'पागा'), म्हारळच्या पुढे,
कल्याण-मुरबाड रस्ता.

विषय : १ जानेवारीच्या वाढदिवसाबद्दल आभार.

माननीय शेठ, स. न. वि. वि.

आपल्या घोड्याचा वाढदिवस थाटात पार पडला, अभिनंदन. फुगे छान होते. शर्यतीचा घोडा फेब्रुवारीत जन्मलेला असो की एप्रिलमध्ये, कागदोपत्री त्याचं वय १ जानेवारीलाच वाढतं, ही माहिती तुम्ही माइकवरून सगळ्या पागेला दिलीत. ज्ञानात भर पडली. घोड्याच्या कपाळाला क्रीम लागलं, फोटो ग्रुपवर आले, शुभेच्छांचा पाऊस पडला. खुद्द उत्सवमूर्तीने मात्र केक हुंगला आणि तोंड फिरवलं. ते पाहून मला त्याच्याविषयी आदर वाटला होता.

पाहुणे गेल्यावर उरलेला केक, भिजवलेल्या हरभऱ्याचं घमेलं आणि गूळ घेऊन तुम्ही ठाणाठाणाशी फिरलात. माझ्या घोडीपाशी जरा जास्तच रेंगाळलात, असं सईस सांगतो. "ताईंची घोडी फार बारीक दिसते," असंही म्हणालात म्हणे.

शेठ, ती बारीक नाही. ती काठेवाडी आहे.

रात्री सईसाचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीत, अंथरुणात. घोडी खाली बसते, उठते, पुन्हा बसते, मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघते, पुढच्या पायाने जमीन उकरते. घोडेवाल्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. पोटशूळ. मी रिक्षाने पोचले तोवर ती घामाने निथळत होती आणि सईस तिला अंगणात फिरवत होता, कारण ती आडवी होऊन लोळू लागली तर आतड्याला पीळ पडण्याची भीती. गाई-म्हशींचे डॉक्टर आपल्याकडे आहेत, चांगले आहेत. पण घोड्याच्या पोटाला हात घालणारा माणूस बोलवायचा म्हणजे मुंबईहून. ते बिचारे माजिवडा, राजनोली नाका, कोन, दुर्गाडीचा पूल, मग शहाड असे नव्या वर्षाच्या मध्यरात्री आले. नाकपुडीतून पोटापर्यंत नळी घातली, तेल सोडलं, वेदना थांबवायचं इंजेक्शन दिलं, बरगडीमागे स्टेथोस्कोप लावून आतड्याचा आवाज येतो का ते ऐकत उभे राहिले. मीही उभी राहिले. उजाडायच्या सुमारास घोडीने लीद टाकली. एखाद्या बाईला लिदेकडे बघून रडू येतं, हे तुमच्या कॅमेऱ्याने टिपायला हवं होतं.

आता थोडं शास्त्र, कारण तुमच्या प्रेमाला तेवढंच कमी आहे. घोडा म्हणजे गाय नव्हे. देवळाबाहेरच्या गाईला तुम्ही पेंडी घाला, लाडू घाला, तिला चार कप्प्यांचं पोट आहे आणि रवंथ करायला दिवस आहे. चारशे किलोच्या घोड्याचं जठर दहा-पंधरा लिटरचं असतं. म्हणून त्याला दिवसभर थोडं थोडं गवत लागतं आणि चंदी मोजून, ठरल्या वेळी. अवेळी घमेलंभर हरभरा पोटात गेला की तो नीट न पचताच मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे आंबतो, वायू धरतो. पोटशूळ टळला तरी पुढे खुरांच्या आत सूज येऊ शकते आणि घोडा जन्माचा लंगडा होऊ शकतो. बरं, चुकीचं खाल्लं म्हणून ते बाहेर काढायची सोयही देवाने ठेवलेली नाही. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट की घोड्याला उलटी होत नाही. जठर फुटेल, पण उलटी नाही. आणि केक चॉकलेटचा होता! चॉकलेटमधलं थिओब्रोमिन शर्यतीच्या घोड्याच्या तपासणीत सापडलं तर त्याला बाद करतात. इतकी वर्षं महालक्ष्मीला जाणाऱ्या माणसाला हे मी सांगावं?

हा पहिला प्रसंग असता तर पत्र लिहिलं नसतं. टिटवाळ्याची अंगारकी झाली की तुम्ही पेढ्यांचा पुडा घेऊन थेट पागेत येता आणि प्रत्येक घोड्याच्या तोंडात एकेक पेढा ठेवता. मी एकदा मध्ये पडले तर तुम्ही म्हणालात, "ताई, प्रसादाला नाही म्हणू नये." यावर मी काय बोलणार? बाप्पाशी माझं भांडण नाही. शिळे पाव, लग्नातली जिलबी, उसाचं चिपाड, आंब्याच्या साली हे सगळं तर प्रसाद नसतानाही येतं. मी घोडीच्या ठाणावर पाटी लावली, 'कृपया खायला देऊ नये.' दुसऱ्या दिवशी त्या पाटीखाली उभं राहून तुमच्या नातवाने तिला बिस्किटं दिली आणि तुम्ही व्हिडिओ काढलात. पाटी व्हिडिओत स्पष्ट वाचता येते.

तुम्ही शिवभक्त आहात. गाडीच्या मागच्या काचेवर महाराज आहेत, पुढच्या काचेवर जगदंब. म्हणून एक आठवण करून देते. राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना एक पत्र पाठवलं होतं. मराठीत पागेच्या शेजाऱ्यांना लिहिलेलं इतकं कडक पत्र दुसरं नसेल. पावसाळ्यासाठी दाणा-वैरण साठवली आहे. आज मनाला येईल तसं चाराल तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असा त्याचा रोख. पुढे तर राजा थेट उंदरांपर्यंत येतो : रात्री दिवा जळता ठेवाल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल. कुणी चुली मांडेल, कुणी तंबाखूसाठी विस्तव घेईल, वारा आहे का गवत आहे हे बघणार नाही, म्हणून आधीच ताकीद. दिल्ली-विजापूरशी एकाच वेळी झुंजणारा माणूस गवताच्या गंजीची एवढी काळजी करतो. आणि आपल्याकडे केकवरची ती ठिणग्या उडवणारी मेणबत्ती मुरबाडहून आणलेल्या सुक्या गवताच्या गंजीपासून दोन हातांवर पेटते, आणि सगळे टाळ्या वाजवतात.

सभासद बखरीत लिहिलंय की पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असायचा. आपल्याकडे कल्याण, उल्हासनगर, भिवंडी मिळून जो एक नालबंद फोनला उत्तर देतो, तो आला की पहिला नंबर तुमचा. तुमचा घोडा डांबरावर पाऊल टाकत नाही, माझी रोज चालते, तिचे नाल झिजून कागद झालेत; पण तुम्ही त्याला आधी चहा पाजता, त्यामुळे रांग तिथेच संपते. खरारा माझा, वापर सार्वजनिक. तंगही एकदा परत मिळाला तो कुणाच्या तरी घामाने ओला. लग्नाच्या घोडीवाल्या दादांविषयी माझी तक्रार नाही. त्यांची घोडी रात्री एकला दिव्यांची झूल उतरवून येते आणि सगळी पागा जागी करते, पण ते पोटासाठी करतात आणि सकाळी स्वतःची लीद स्वतः उचलतात. 'हिचा भोवरा खोटा आहे, विकून टाका,' हा सल्ला मी गेल्या पावसाळ्यापासून ऐकते आहे. तो देणाऱ्या कुणालाही तिचा खूर उचलून साफ करता येत नाही.

एक गोष्ट मात्र एका ओळीत उरकता येणार नाही. दत्तजयंतीला तुमचे मित्र सारंगखेड्याच्या बाजारातून शिंगरू घेऊन आले. गोड आहे, मान्य. पण हजारो घोड्यांच्या बाजारातून आलेलं जनावर, रक्ताची तपासणी नाही, चार दिवस वेगळं बांधणं नाही, थेट माझ्या घोडीच्या नांदेला नांद लावून उभं केलं. ग्लँडर्स हे नाव ऐकलंय ना? घोड्याकडून माणसाला होतो. लस नाही. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रापर्यंत जातो आणि रोग पक्का ठरला तर २००९च्या कायद्याने त्या जनावराला मारावं लागतं, मालक कितीही रडला तरी. मी हे बोलले तर तुमचे मित्र म्हणाले, "बाईमाणूस फार घाबरतं." हो, घाबरतं.

आणि पोटशुळाच्या त्या रात्री तुम्हाला फोन लावला. तिने नेमकं किती खाल्लं हे डॉक्टरांना हवं होतं आणि ते ठाऊक असलेला माणूस जगात एकच होता. तुम्ही उचलला नाहीत. पुन्हा लावला, बंद. सकाळी ग्रुपवर तुमचा निरोप आला : 'नजर लागली असेल, मी लिंबू-मिरची पाठवतो.'

इथे उपरोध पुरे. नजर नाही लागली शेठ, हरभरा लागला. घमेलंभर हरभरा, तुमच्या हातचा. ती माझी घोडी आहे. तिचं वय, तिचे दात, तिचं पोट, मागच्या उजव्या पायाची तिची जुनी दुखापत मला माहीत आहे. नोकरी करून, गर्दीच्या गाड्या पकडून, घरच्यांची बोलणी खाऊन मी तिला सांभाळते. नवरा म्हणतो, लोकांनी दुसरा फ्लॅट घेतला, आपण दुसरं तोंड घेतलं. ते तोंड तुमच्या हौसेसाठी उघडं नाही. ती मेली असती तर तुम्ही हार घेऊन आला असतात, आणि त्याचाही फोटो आला असता.

हे लिहून पत्र इथेच संपवणार होते. पण तिला उन्हात बांधून मी पायरीवर बसले होते तेव्हा सईसाने चहा दिला आणि तुमची गोष्ट सांगितली. तुमच्या घोड्यावर तुम्ही महालक्ष्मीला पैसे लावायचात. एकदा तो जिंकला, पुढे बरेचदा हरला, आणि मग त्याच्या पुढच्या पायाची नस गेली. रेसचा पाय गेलेला घोडा कुठे जातो हे आपल्याला ठाऊक आहे. नशीब असेल तर एखाद्या रायडिंग स्कूलमध्ये, नसेल तर हातोहात, दर खेपेला थोड्या कमी भावात, कुठल्याशा वाळूत पर्यटकांखाली. तुम्ही तो विकत घेतलात. घरी भांडण झालं. त्याच्यावर कुणी बसू शकत नाही. तुम्ही तर नाहीच, कारण तुम्हाला घोड्याची भीती वाटते. हेही सईसानेच सांगितलं, त्याला रागावू नका. चौकटीबाहेरून हात लांब करून पेढा द्यायचा आणि त्याचे ओठ तळव्याला लागले की झटकन हात मागे घ्यायचा, एवढंच तुम्हाला जमतं. मग माझ्या लक्षात आलं की तुम्हाला त्या पागेत मी खाऊ घालताना सोडून दुसरं काहीही करताना पाहिलेलं नाही. करणार तरी काय? कुणी शिकवलंच नाही.

राग गेलेला नाही. डॉक्टरांचं बिल सोबत जोडलं आहे, ते मुकाट्याने द्या, बिदागीसकट. दाण्याच्या खोलीला आजपासून कुलूप आहे आणि चावी सईसाकडे. तुमच्या मित्राच्या शिंगराचं रक्त तपासून येईपर्यंत ते पलीकडच्या शेडमध्ये राहील. जागेच्या मालकांशी मी बोलले आहे, ते हो म्हणाले आहेत, तुम्हीही म्हणा.

आणि रविवारी सकाळी सातला या. बूट घालून या, चप्पल नको. त्याच्या डाव्या खांद्यापाशी उभं कसं राहायचं, दोर कसा धरायचा, हात पायावरून खाली नेत खूर कसा मागायचा ते दाखवते. तो शहाणा आहे, स्वतः देतो. त्याला रोज अर्धा तास नुसतं हातात धरून चालवलं तरी त्याच्या पायाला बरं पडेल. अंगणात चार फेऱ्या मारू, तुम्ही त्याच्याबरोबर, मी माझ्या घोडीबरोबर. खिसे रिकामे ठेवून या. मी तपासणार आहे.

पुढच्या अंगारकीला पेढे जरूर आणा. ते मला, सईसाला आणि नालबंदाला द्या. आम्हाला उलटी करता येते.

कळावे,
आपली,
शेजारच्या बारीक घोडीची मालकीण