चिप आधी, तिकीट नंतर

जर्मनीची नोकरी पक्की झाली की आधी पेढे वाटले जातात, मग बॅगांची खरेदी होते. निघायला तीन आठवडे उरले की कुणाला तरी आठवतं, मोतीचं काय? मग पशुवैद्यकाकडे धाव. "डॉक्टर, एक सर्टिफिकेट द्या ना, बरोबर न्यायचाय." डॉक्टर तरी काय करणार? हे काम एका सर्टिफिकेटचं नाही आणि तीन आठवड्यांचं तर मुळीच नाही.

जळगाव-धुळ्याची पोरं आता दरवर्षी परदेशी जातात, म्हणून हिशेब एकदा नीट समजून घ्या. युरोपात कुत्रा किंवा मांजर न्यायचं तर पहिली मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी चिप जाड सुईने मानेमागे कातडीखाली सोडतात. वरून रीडर फिरवला की पंधरा आकडी नंबर दिसतो. त्यानंतर रेबीजची लस. लस आधी आणि चिप नंतर झाली, तर ती लस धरलीच जात नाही, पुन्हा टोचा. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढायचं, ते युरोपने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं आणि अहवाल चांगला आला तरी रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबायचं. झाले चार महिने. अमेरिकेनेही १ ऑगस्ट २०२४ पासून नियम आवळले. सहा महिन्यांखालचं कुत्र्याचं पिल्लू चालत नाही. भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या यादीत आहे, त्यामुळे इथे लस घेतलेल्या कुत्र्याची रक्ततपासणी नसेल तर तिथे उतरल्यावर २८ दिवस विलगीकरण, तेही आपल्या खर्चाने. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट घेतच नाही. मान्य असलेल्या दुसऱ्या देशातून वळसा घालावा लागतो.

यात खान्देशच्या माणसाला आणखी एक जाच. शेवटचा शिक्का केंद्राच्या पशू विलगीकरण केंद्राचा, आणि आपल्याला ते जवळचं म्हणजे मुंबईला. जळगावहून रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटर. कुत्रा सोबत बसवायचा तर एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत टाका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. त्या पेटीत जनावर घालणं हा छळ आहे. गाडी करा, रात्री निघा. खरं तर शिक्क्याआधीची कामं इथेच होऊ शकतात. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत डॉक्टर आहेत, जागा आहे. तिथे चिप, रक्ताचा नमुना आणि कागदांची तपासणी व्हायला हवी; महिन्यातून एक दिवस ठेवला तरी पुरे. २०२२ मध्ये युक्रेनमधून परतणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांची कुत्री-मांजरं आणता यावीत म्हणून केंद्राने नियम सैल केले होते. मनात आणलं की सरकारला जमतं.

पण सगळं सरकारवर ढकलू नका. "शेतावर सोडलाय, मोकळा राहील" हे वाक्य मला ऐकवत नाही. सोफ्यावर वाढलेला लॅब्राडोर केळीच्या बागेत मोकळा राहत नाही. तो आठ दिवस फाटकाकडे बघत बसतो आणि वस्तीवरची कुत्री त्याला फाडतात. पाळलेलं जनावर विनाकारण सोडून देणं हा प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! कायद्याला साठ वर्षं उलटली, तरी दंड एवढाच. खासदारांनी हा प्रश्न संसदेत उचलायला हवा.

प्रत्येक कुत्रा न्यावाच असंही मी म्हणणार नाही. बारा वर्षांचा, दमेकरी, किंवा पगसारखा चपट्या नाकाचा असेल तर विमानातला प्रवास त्याच्या जिवावर बेतू शकतो; अनेक विमान कंपन्या असे कुत्रे नाकारतात. तो इथेच बरा. मात्र तो आईकडे ठेवणार असाल तर तिला आधी विचारा. तिचे गुडघे दुखतात आणि पस्तीस किलोचा कुत्रा साखळी ओढतो. सकाळ-संध्याकाळ फिरवायला कोण येणार, रात्री उलट्या झाल्या तर रिक्षा कोण बोलावणार, दर महिन्याला पैसे कोणत्या तारखेला येणार, हे तिच्यासमोर बसून ठरवा. ती नको म्हणाली तर रुसू नका, दुसरं घर शोधा. आणि ते घर मिळेपर्यंत तिकीट काढू नका.