राखणदार चालतो, जादूगार नको

जामसंड्यात मुलाच्या हाती हॅरी पॉटर दिसला की एखाद्या घरी चिंता सुरू होते: भुताखेतांचे वाचून पोर बिघडेल. चिंता व्यक्त होते ती त्याच अंगणात, जिथे राखणदाराला गाऱ्हाणे घातल्याशिवाय कामाचा नारळ फुटत नाही. देवचार रात्री हद्दीवर फिरतो, हा आपला भूगोल. घुबड पत्र आणते, ही मात्र अंधश्रद्धा! जत्रेतल्या दशावतारात संकासुर येऊन गेला की आख्यान पहाटेपर्यंत चालते, तेही लिखित संहितेविना. मांडीवरचे पोर राक्षसाला घाबरते, पेंगते, दचकून विचारते, "मेलो काय तो?" प्रकरणाप्रकरणाने कादंबरी ऐकण्याची याहून चांगली तालीम कुठली? दशावतार पुराणातला, कादंबरी कपोलकल्पित, असा आक्षेप येईल. पण मराठीतल्या अद्भुतरम्य कादंबऱ्याच बघा: हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. हॅरी छापून आला १९९७ साली. अद्भुताची सवय मराठीला विलायतेने लावलेली नाही.

परवानगी मिळाली तरी अट असतेच: इंग्रजी सुधारले पाहिजे. ड्रॅगन आग ओकू लागतो आणि बाबा विचारतात, यातले क्रियापद कोणते? हापूसची फोड जीवनसत्त्वे मोजत खाणाऱ्याला देवगड तालुक्यात कोणी शहाणा म्हणणार नाही. पुस्तकाबाबत तोच जागरूक पालक ठरतो. उरली वेळेची सबब. एक प्रकरण मोठ्याने वाचायला लागतात वीसेक मिनिटे, आणि तेवढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवरचे निम्मे चमत्कारसुद्धा पुढे पाठवून होत नाहीत.