झोळीप्रवेशाचे दोन पंथ
रानातील मुक्कामासाठी दोन झाडांमध्ये टांगलेल्या, वरून मच्छरदाणी शिवलेल्या झोळीत शिरावे कसे, या प्रश्नावर उत्तर अमेरिकेतील वनविहारी मंडळींत दोन पंथ आढळतात. कॅनडातील हेनेसी कंपनीने रूढ केलेल्या अधोद्वार पद्धतीत, म्हणजे तळाला ठेवलेल्या लांबट चिरेतून, माणूस खालून उगवतो, बसतो, पाय आत ओढतो आणि त्याच्याच वजनाने ती चीर मिटते (उरलेले काम वेल्क्रोचे); पार्श्वद्वार पद्धतीत बाजूची चेन उघडून सरळ बसता येते, जे निष्ठावंतांना फारच सामान्य वाटते. अधोद्वारवादी या क्रियेस पुनर्जन्माचा दर्जा देतात. मात्र मध्यरात्री लघुशंकेसाठी तोच जन्म अंधारात, उलट्या क्रमाने आणि स्लीपिंग बॅगेसह घ्यावा लागतो, हा मुद्दा त्यांच्या प्रतिपादनात सहसा येत नाही.