डॉक्टर टिकवणे आहे

आमच्या कळंबला खेटूनच वालचंदनगर. तिथं इस्रोच्या रॉकेटचे भाग तयार होतात. म्हणजे आमच्याकडचा माल थेट अंतराळात जातो, पण पुण्याचा एमबीबीएस इकडं यायचा तर सरकारला बाँड लिहून घ्यावा लागतो. सरकारी कॉलेजात शिकलात ना, मग एक वर्ष सेवा करा, नाहीतर १० लाख भरा, असा तेव्हाचा नियम होता. तेवढ्यानं भागेना म्हणून २०१९ साली मंत्रिमंडळानं आणखी एक तोडगा मंजूर केला: ७ वर्षं ग्रामीण भागात राहायचं कबूल करणाऱ्यांना एमबीबीएसच्या १० टक्के जागा, आणि शब्द मोडला तर ५ वर्षं तुरुंग. माझं लग्न ठरवताना सासऱ्यांनीही एवढी खबरदारी घेतली नव्हती. त्याच वर्षी बारामतीत सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, तेव्हा मला वाटलं, आता डॉक्टर एसटी भरभरून येतील.

आला तो एकच. पंचक्रोशीतल्या एका आरोग्य केंद्रात, बाँडवर, अकोल्याचा पोरगा. मी ठरवलं, सरकारनं याला कागदानं आणलाय, आपण मायेनं ठेवायचा.

सकाळी दूध, दुपारी मेथीची जुडी आणि संध्याकाळी मी स्वतः, बीपी मोजायला. ओपीडी संपवून तो नीट पीजीचं पुस्तक उघडायचा, तेवढ्यात मी हजर. "एकटेच बसलाय होय?" म्हणून मी त्याला उसाचा दर, नीरा डावा कालवा आणि बारामतीचं राजकारण समजावून सांगायचो. माझं बीपी पार उतरलं. त्याचं कुणी मोजलं नाही.

लोकांची तक्रार एकच: गोळ्याच देतो, सुई टोचत नाही. मी मध्यस्थी केली. "डॉक्टर, पाण्याची का होईना, एकेक टोचा. गाव तुमचं होईल." त्यानं पाऊण तास मला नको तिथं इंजेक्शन का देऊ नये ते सांगितलं. मला सगळं पटलं. निघताना मी माझ्यापुरती एक मागितली.

मग स्थळं आणली. चांगली बागायतदारांची. तो म्हणाला, "काका, क्वार्टरचं छत गळतंय, नळाला पाणी नाही, तेवढं बघा." म्हटलं, "घेऊ ग्रामसभेत," आणि दुसरी पत्रिका पुढं सरकवली.

आषाढात तुकोबांची पालखी आली. बेलवाडीच्या रिंगणावर त्याची ड्यूटी होती. वारकऱ्यांच्या पायांचे फोड बांधून दमलेला पोरगा परतला, तर स्टँडवर माझा फ्लेक्स! "कळंबचे सुपुत्र", मधोमध त्याचा फोटो, त्याहून जरा मोठा माझा. हा फ्लेक्स व्हॉट्सॲपवरून अकोल्याला पोचला आणि आईचा फोन आला, "तुला कुणी दत्तक घेतलं का रे?"

तेवढ्यावर निभावलं असतं. पण खाली मी हौसेनं "२४ तास सेवेत" लिहून त्याचा मोबाइल नंबर छापला होता. सपाटीवर ३०,००० लोकांमागं एक आरोग्य केंद्र, असा सरकारी हिशोब. त्यातल्या बऱ्याच जणांना वाचता येतं, हे त्या रात्री कळलं. पित्त, उचकी, सुनेशी भांडण. पहाटे कुणीतरी विचारलं, म्हैस पान्हा सोडत नाही, काय करू?

बाँड संपला त्याच दिवशी त्यानं बॅग उचलली.

आता नव्या मॅडम आल्यात. मी दूध घेऊन गेलो, तर सिस्टरनं दारातच अडवलं. "काका, मॅडमचं लग्न झालंय बरं का. मिस्टरही डॉक्टरच आहेत."

एकदम दोन डॉक्टर! मी तिथूनच फ्लेक्सवाल्याला फोन लावला.