युवा वाहिनी, आबांच्या ताब्यात

कोल्हापुरात कळंब्याच्या रिंगरोडकडेच्या एका घरात रोज संध्याकाळी ‘झी युवा’ लागते. लावणारे आबा सत्तरीतले, एसटीचे निवृत्त कंडक्टर. घरातला खरा युवक, त्यांचा नातू, त्या वेळी शाहू स्टेडियमवर पाटाकडीलच्या फुटबॉल संघासाठी घसा फोडत असतो, नाहीतर अभ्यासिकेत एमपीएससीच्या पुस्तकावर डोकं टेकून झोपलेला असतो.

ही वाहिनी 22 ऑगस्ट 2016 ला निघाली ती तरुणांना टीव्हीपुढे बसवायला. ‘बन मस्का’, ‘फ्रेशर्स’, ‘लव्ह लग्न लोचा’ ही नावंसुद्धा थेट कॉलेजच्या कट्ट्यावरची. मुहूर्त मात्र भलताच गाठला. दोनच आठवड्यांत, 5 सप्टेंबरला, जिओ आलं आणि फुकटच्या डेट्यामागं तरुण मोबाइलमध्ये निघून गेले.

कट्ट्यावर उरले आबा.

त्यांची नजर अजून कंडक्टरचीच. कोण कुठं चढला, कुठं उतरणार आणि तिकीट कोण काढणार, हे ते प्रत्येक पात्राला विचारतात. 2015 मध्ये झी मराठीवर ‘दिल दोस्ती दुनियादारी’ आली. सहा पोरं-पोरी मुंबईतल्या ‘माजघर’ नावाच्या फ्लॅटात. मैत्री गोड होती, विनोद ताजा होता, हे आबाही कबूल करतात. पण भाग संपला की ते पेपरच्या कोऱ्या कडेवर भाड्याची सहा जणांत वाटणी करत बसायचे. ‘‘तो कैवल्य गिटार वाजवतोय, बरं हाय. पण त्याचा वाटा कुणाच्या नावावर?’’

एमटीव्हीच्या ‘रोडीज’नं 2003 पासून तरुणाईला मोटारसायकल आणि भांडण शिकवलं. आबांना त्याचं नवल नाही. कोल्हापुरात दोन्ही गोष्टी ऑडिशन न देता मिळतात.

इथला तरुण टीव्हीवर आलाच नाही असं नाही. ऑक्टोबर 2016 ते जानेवारी 2021, सव्वाचार वर्षं, ‘तुझ्यात जीव रंगला’मधला पैलवान राणादा लाल माती अंगाला लावून शिक्षिका अंजलीपुढं लाजत राहिला. चित्रीकरण जवळच, वसगड्यात. तेवढ्या काळात आबांच्या गल्लीतली तीन पोरं इंजिनिअर होऊन हिंजवडीला गेली, त्यातलं एक परतही आलं. त्यांच्यावर मालिका नाही. कोल्हापूरचा म्हटला की तो पैलवानच हवा, असं मुंबईत कुणीतरी ठरवून टाकलेलं दिसतं.

पुढं ‘युवा’वर झी मराठीच्या जुन्या मालिका पुन्हा लागू लागल्या. निवृत्त झालेला माणूस कंत्राटावर परत घेतात तसं. आबांची तक्रार नाही, कथा पाठ असली की मध्येच उठून भाजी आणता येते.

2019 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायचा वाहिन्या निवडून पैसे भरायचा नियम लागू झाला, तेव्हा केबलवाला यादी घेऊन दारात आला. नातू म्हणाला, ‘‘ते युवा काढा, कोण बघत नाही.’’

आबांनी चष्मा वर केला. ‘‘ते माझं हाय. तुझं काय बंद करायचं ते सांग.’’