घरचा अभ्यास

पांढरकवड्यात शाळेत न जाणारी मुलं दोन जातीची. केळापूर तालुक्यातल्या एखाद्या कोलाम पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आईमागं कापूस वेचायला गेलेलं पोर ‘शाळाबाह्य’. सर्वेक्षणाच्या यादीत त्याचं नाव लागलीच चढतं. गावातल्या बंगल्यात दहापर्यंत लोळणारा चिरंजीव मात्र ‘होमस्कूलिंग’ करतो. तिथं मास्तर चहा घेतात, ‘वा, छान’ म्हणतात आणि परततात. शिक्षणहक्काचा कायदा 2009चा, 6 ते 14 वयाच्या सगळ्यांसाठी. पण फाटकावरच्या कुत्र्याला तोही भीत असावा. पुढं दहावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आहेच.

चिरंजीवाच्या सर्जनशीलतेला तर उधाण आलेलं. परवा कुरिअरनं क्राफ्टचा डबा आला. आत निळा पुठ्ठा, गोंदाची बाटली आणि ढग चिकटवायला पाव मूठ कापूस! दिवाळीनंतर इथं जिनिंगसमोर गाड्यांची अशी रांग लागते की रस्त्याकडेच्या बाभळींनाही बोंडं फुटल्यासारखी दिसतात. पण तो कापूस पडला कोरडवाहू; त्याच्यासोबत सूचनापत्रक येत नाही. मुलगा वारली चित्रं काढतो, तीही व्हिडिओ बघून. दिवाळीत जवळच्या पोडांवर ढेमसा नाच रंगतो, पण त्याला ‘एक्स्पोजर’ म्हणत नाहीत.

शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंच, ‘काऊन वो, याले शाळा नाही का?’

‘काकू, तो स्वतःच्या गतीनं शिकतो.’

‘हो का? आमचा बाल्याही तसाच शिके. सातवीत दोन वर्षं होता.’