दुसऱ्या मुरूडला बेज रंगात

बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून सगळ्यांचा मिळून एक झकास फोटो काढायचा, हे एका मिनिटात ठरलं. कपडे ठरायला सव्वा महिना लागला.

वहिनीने कुटुंबाच्या ग्रुपवर थीम जाहीर केली : बेज, आयव्हरी आणि सेज. बाबांनी विचारलं, "बेज म्हणजे मळकट ना?" दादाने 'हो' लिहिलं आणि लगेच पुसलं. सेजचा खुलासा 'वाळलेली तुळस' असा झाला, तेव्हा आईने ग्रुपवर फक्त हात जोडले.

मे महिन्यात आम्ही पुण्याहून निघालो. इस्त्रीचे कपडे चुरगळू नयेत म्हणून वहिनीने ते गाडीच्या खिडक्यांना टांगले होते. त्यामुळे अख्खा ताम्हिणी घाट मी माझ्याच कुडत्याच्या बाहीतून पाहिला. माणगाव, मंडणगड, दापोली करत मुरूडला टेकतो न टेकतो, तोच मुलुंडहून निघालेल्या ताईचा फोन आला. "आम्ही कधीच पोचलो! समोर जंजिरा दिसतोय."

आम्हाला जंजिरा दिसत नव्हता. दिसणारही नव्हता. तो रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला आहे आणि आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातल्या. मेहुण्यांनी मग आगरदांड्याला एका जंगरीत आणि बागमांडल्याला दुसऱ्या जंगरीत गाडी चढवली. दोन खाड्या ओलांडून ते रात्री पोचले, तेव्हा फोटोआधीच त्यांचा चेहरा सेज झाला होता.

त्या रात्री ओटीवर कपड्यांची पाहणी झाली. सगळे कपडे आईने ओळीने मांडले, तांब्याभर पाणी घेतलं आणि पूजेसारखं बोटांनी एकेकावर शिंपडायला सुरुवात केली.

"आई, हे काय?"

"उद्याचा घाम. आजच बघून घेऊ."

माझ्या राखाडी टी-शर्टवर क्षणात मुंबई बेटाचा नकाशा उमटला. नापास. पांढरा सदरा पास झाला, पण आतल्या बनियनवरचा छाप वाचता येऊ लागला. गडद निळा पास. फुलाफुलांचं मलमल पहिल्या वर्गात; थेंब कुठे पडला ते आईलाही सापडेना. बायकोच्या रेशमी कुर्त्यावर तिने पाणी टाकलंच नाही. "रेशमावरचा पाण्याचा डाग जन्माचा असतो, सूनबाई. शिवाय कोकणातला घाम वाळत नाही. हवाच ओली, ती आणखी पाणी घेईल कुठे? सैल सुती घाल." बेज लिनन मात्र साफ आपटलं. भिजलं तेवढं तपकिरी झालं आणि घडी पडली ती मोडेना.

पण थीम ती थीम. दहाजण बेजमध्ये. आई एकटी तिच्या डाळिंबी सुती इरकलमध्ये.

मागे सुवर्णदुर्ग हवा, असा दादाचा हट्ट होता. 2025 मध्ये किल्ला युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून दादा त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखा बोलतो. हर्णैच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताला जाऊ, असं आमचं ठरलं होतं. फोटोग्राफर पोरगा इथलाच. तो म्हणाला, "संध्याकाळी सूर्य किल्ल्याच्या मागं जातो काका. किल्ला छान येईल, तुम्ही काळे याल. सकाळी सातला या."

सातला पोचलो. त्याआधी पुतण्या पाच मिनिटं जांभ्याच्या गडग्यावर बसला होता. त्याच्या आयव्हरी पायजम्यावर मागे लाल शिक्का बसला. बाबांनी आयत्या वेळी घातलेल्या बारीक चौकड्यांच्या शर्टाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर लाटा काढल्या. त्यांना मेहुण्यांचा जादा कुडता चढवला. साडेसातपर्यंत आमचं बेज दोन रंगांचं झालं होतं.

"काका, जरा कोरडी बाजू पुढं करा."

मी स्वतःभोवती एक प्रदक्षिणा घातली. कोरडी बाजू नव्हती.

पोराने फोटो काढला, पडद्यात पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "वहिनी, वाळू पण हाच रंग घालून आलीय हो!"

फोटो आता दिवाणखान्यात आहे. मागे किल्ला आहे, पुढे वाळू आहे, आणि वाळूत नीट शोधलं तर आम्ही दहाजण आहोत. आई मात्र दारातूनच दिसते. पाहुणे पहिल्यांदा विचारतात, "काकूंचा एकटीचा फोटो का लावलाय?"

तेव्हा उन्हाळ्यात समुद्रावर फोटो काढणार असाल, तर राखाडी आणि बेज घरीच ठेवा. गडद किंवा फुलाफुलांचं सैल सुती घ्या. आणि निघण्याआधी तांब्याभर पाणी शिंपडून बघा. बाकी, मुरूड कोणतं तेही एकदा विचारून घ्या.